म्हाताऱ्यांनी वाट लावली, हे अर्धंच खरं आहे

भाचा आणि बाबा यांचं भांडण हल्ली ठरलेलं असतं. सुरुवात कुठूनही होते, उकाडा, घरांच्या किमती, नोकरी मिळत नाही, कुणीतरी टाकलेले ट्रिपचे फोटो, काहीही पुरतं, पण शेवट एकच, की आजोबा तुमच्या पिढीने सगळं ओरपलं आणि आमच्यासाठी खरकटं ठेवलं. मग बाबा चिडतात. म्हणतात आम्ही दोन शर्टांवर कॉलेज काढलं, मोठ्या भावाची पुस्तकं वापरली, विमानात पहिल्यांदा बसलो तेव्हा रिटायर झालो होतो, आणि तुम्हाला दर दोन वर्षांनी नवा फोन लागतो, वर पुन्हा आम्हालाच पर्यावरण शिकवता. भाचा म्हणतो आजोबा, प्रश्न शर्टांचा नाहीये. बाबा म्हणतात मग कशाचा आहे ते तरी सांग. आणि इथे बहुतेक वेळा कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतं.

मी या दोघांच्या मधल्या वयाची, त्यामुळे दोघंही माझ्याकडे बघतात. "मावशी, तू सांग" आणि "अगं, तू सांग याला". तिथे कुणी वाक्य पुरं करू देत नाही म्हणून इथे लिहितेय. माझं म्हणणं असं की भाच्याचा राग खराच आहे, पण तो वयावर काढतोय आणि तिथेच फसतोय, आणि त्याने तो वयावरच काढत राहावा यात काही लोकांची फार मोठी सोय आहे.

आधी त्याची बाजू, कारण ती बाबांना वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे. बाबांचं आवडतं वाक्य म्हणजे "आम्हाला काय माहीत होतं". बाबांना नसेल माहीत, पण माहीत होतं. हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड सलग मोजला जातोय, तेव्हा तो साधारण ३१५ पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग) होता आणि आता ४२० च्या वर गेलाय, आणि तो आलेख एकदाही खाली वळलेला नाही, म्हणजे दरवर्षी ऋतूप्रमाणे थोडा खालीवर होतो पण चाल वरचीच. १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना त्यांच्याच विज्ञान सल्लागारांनी या वायूबद्दल लेखी इशारा दिला होता. १९८८ च्या जूनमध्ये जेम्स हॅन्सन नावाच्या नासाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर सांगितलं की तापमानवाढ सुरू झालेली आहे. १९९२ मध्ये ब्राझीलच्या रिओला जगभरच्या देशांनी हवामानाचा करार केला, सह्या केल्या, फोटो काढले. आणि आता डोक्यात तिडीक जाते तो भाग, कोळसा तेल गॅस जाळून माणसाने आजवर जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडलाय त्यातला निम्म्याहून जास्त १९९० नंतरचा आहे. म्हणजे अज्ञानात जेवढं केलं त्यापेक्षा जास्त कळल्यावर केलं.

एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीचं प्रकरण तर मुळातून वाचण्यासारखं आहे. त्यांच्याच शास्त्रज्ञांनी १९७७ पासून वरच्या साहेबांना हे समजावून सांगितलं होतं. १९८२ च्या एका अंतर्गत आलेखात असं दिसतं की २०१९ च्या सुमारास हवेतलं प्रमाण ४१५ पीपीएमच्या आसपास जाईल. २०१९ च्या मे महिन्यात मौना लोआवर खरंच ४१५ ची नोंद झाली! इतका अचूक अंदाज, तोही त्या काळच्या कॉम्प्युटरवर. आणि हीच कंपनी नंतर कित्येक वर्षं पेपरात जागा विकत घेऊन लोकांना सांगत राहिली की विज्ञान अजून पक्कं झालेलं नाही, घाई नको.

तर राग येणारच. तेविसाव्या वर्षी हे वाचल्यावर राग आला नाही तर मी म्हणेन डॉक्टरला दाखवा.

पण भाच्याच्या वाक्यात एक शब्द आहे, "तुम्ही". तुम्ही केलंत. आता ते एक्सॉनचं संचालक मंडळ, त्यात काही आमचे बाबा नव्हते. १९८८ मध्ये ते काय करत होते तर नोकरी, दोन मुलींची फी, आजारी आई, आणि महिनाअखेरीला जमाखर्चाचा ताळेबंद. हॅन्सन कोण हे त्यांना आजही विचारलं तर सांगता येणार नाही. त्या काळात निर्णय कोण घेत होतं, कुठली खाण उघडायची, कुठली रेल्वे बंद करून तिथे हायवे टाकायचा, कुठला कायदा संसदेत लोंबकळत ठेवायचा, हे ठरवणारी माणसं मूठभर होती आणि ती बाबांच्याच वयाची होती, एवढाच काय तो बाबांचा त्यांच्याशी संबंध. एका वयाचं असणं हा काही गुन्ह्यातला सहभाग होत नाही.

यावर भाचा म्हणतो मावशी तू भावनिक होतेयस, आकडे बघ. ठीक, आकडे बघू. ल्यूका शाँसेल नावाच्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाचा २०२२ चा अभ्यास आहे. त्यात २०१९ सालच्या जगाच्या एकूण उत्सर्जनाची वाटणी अशी येते की वरच्या १० टक्के लोकांच्या नावावर ४८ टक्के आणि खालच्या अर्ध्या जगाच्या नावावर मिळून १२ टक्के. अर्धं जग, १२ टक्के. १९९० पासून उत्सर्जनात जी वाढ झाली त्यातली २३ टक्के वाढ फक्त वरच्या १ टक्क्याची आहे, खालच्या ५० टक्क्यांची १६. आणि त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे, १९९० मध्ये ही विषमता मुख्यतः देशादेशांतली होती, श्रीमंत देश विरुद्ध गरीब देश, पण २०१९ पर्यंत चित्र उलटं झालं आणि जवळपास दोन तृतीयांश विषमता देशांच्या आतली झाली. म्हणजे आता प्रत्येक देशात वर बसलेला एक थर आहे जो एकमेकांसारखा जगतो आणि खाली बाकीचे आहेत.

आणि वरच्या १ टक्क्याचा धूर बघायला गेलात तर त्यांच्या गाड्या, बंगले, विमानं हा त्यातला छोटा भाग आहे. मोठा भाग येतो गुंतवणुकीतून, म्हणजे त्यांचा पैसा ज्या कारखान्यांत, खाणींत, कंपन्यांत लावलेला आहे तिथून. खासगी जेटचे आकडे बघून आपला रक्तदाब वाढतो, वाढायलाच हवा, २०१९ ते २०२३ या चार वर्षांत खासगी विमानांचं उत्सर्जन ४६ टक्क्यांनी वाढलं आणि त्यातली जवळपास निम्मी उड्डाणं ५०० किलोमीटरच्या आतली होती, म्हणजे जिथे माणूस ट्रेनने जाऊ शकतो. पण जेट हा दिसणारा भाग झाला. न दिसणारा भाग कागदावर असतो, शेअर्समध्ये, आणि शेअर्स धूर सोडताना दिसत नाहीत. शिवाय विमान जुनं होतं आणि शेअर मुलांच्या नावावर होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वयाचे आकडे. भाच्याकडे एक पेटंट आकडा आहे, अमेरिकेत बूमर पिढीकडे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीसेक वर्षांत जन्मलेल्यांकडे, तिथल्या घरांच्या एकूण संपत्तीतली साधारण निम्मी संपत्ती आहे. बरोबर आहे. त्यांच्या मध्यवर्ती बँकेचीच आकडेवारी आहे ती. पण त्याच आकडेवारीत हेही आहे की वरच्या १ टक्का घरांकडे साधारण ३० टक्के संपत्ती आणि खालच्या निम्म्या घरांकडे मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास. आता त्या खालच्या निम्म्यात म्हातारी माणसं नाहीत काय? आहेत की, भाड्याच्या खोलीत राहणारी, सत्तरीत दुकानात सामान रचणारी. सरासरी काढली की ती सगळी श्रीमंत म्हाताऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसतात, फक्त त्यांच्या पानात काही पडत नाही.

ज्या वर्षी खूप ऊन पडतं त्या वर्षी हे फार स्पष्ट दिसतं. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली, नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. कोण होती ही माणसं? बहुतेक म्हातारी, गरीब, एकटी राहणारी, खिडक्या उघडायला घाबरणारी कारण वस्ती धड नव्हती. २००३ मध्ये फ्रान्समध्ये साधारण १५ हजार गेले, त्यातही म्हातारेच जास्त. ज्यांनी जगाची वाट लावली म्हणून आपण बोटं मोडतो त्याच वयाची ही माणसं, पण गारवा विकत घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि फाशी पण अशी की आधी त्याचाच घाम काढायचा.

आणि दुसऱ्या टोकाला बघा. २०२४ च्या फोर्ब्सच्या यादीत तिशीच्या आतले जे अब्जाधीश होते ते सगळे, एकूण एक, वारसाहक्काने झालेले. स्वतः कमावलेला एकही नाही. त्याच्या आदल्या वर्षी यूबीएस बँकेने अब्जाधीशांवरच्या आपल्या अहवालात नोंदवलं होतं की नव्याने अब्जाधीश झालेल्यांमध्ये धंदा करून मिळवलेल्या संपत्तीपेक्षा वारशाने आलेली संपत्ती जास्त निघाली, ५३ वारसदारांना मिळून सुमारे १५१ अब्ज डॉलर, आणि ८४ स्वकमाईवाल्यांचे मिळून सुमारे १४१ अब्ज. तर मग हे तिशीच्या आतले अब्जाधीश, हे भाच्याच्या पिढीचे. म्हाताऱ्यांविरुद्ध मोर्चा काढला तर त्यात यांचा हात धरायचा का? वयाने तर ते आपलेच. जन्मतारीख एक, खिशात मात्र एकाला मागच्या पिढीची अख्खी तेलविहीर आणि दुसऱ्याला तिचा धूर.

म्हणून मला हे "पिढी विरुद्ध पिढी" प्रकरण संशयास्पद वाटतं. संपत्ती म्हाताऱ्यांकडून तरुणांकडे जातच असते, कुणी मेल्यावर पैसे घेऊन वर जात नाही, प्रश्न एवढाच की ती घराच्या दारातून बाहेर पडते की आतल्या आतच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. बूमर पिढी पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत संपेल. तेव्हा तिचा पैसा भाच्याच्या पिढीकडे येईल आणि बातम्यांमध्ये छापून येईल की इतिहासातली सगळ्यात श्रीमंत पिढी, आणि भाचा तो मथळा भाड्याच्या घरात बसून वाचेल. तेव्हा त्याच्या भाचीने त्याला म्हटलं की तुमच्या पिढीने सगळं ओरपलं, तर काय उत्तर देणार तो?

(हे त्याला मी एकदा म्हटलं तर म्हणाला मला भाची होणार नाही, लग्नच कोण करतंय. असो.)

आता तो "काही लोकांची सोय" मुद्दा. तुम्ही कधी इंटरनेटवर आपला कार्बन फूटप्रिंट मोजलाय का, म्हणजे किती वेळा विमानाने जाता, घरात किती दिवे, अशी प्रश्नावली? ही कल्पना मुळात पर्यावरणवाल्या अभ्यासकांकडून आली पण घराघरात पोचवली ती २००४-०५ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीच्या जाहिरात मोहिमेने. तेल कंपनी! रस्त्यात लोकांना थांबवून विचारायचे तुमचा फूटप्रिंट किती, आणि आपण बिचारे घरी जाऊन नळ घट्ट बंद करायचो. मी पण मोजलेला आहे, आणि करू नये असं नाही, पण ज्याने दुकान उघडलं त्यानेच गिऱ्हाइकाला हावरा म्हणावं हे भारी आहे. पिढ्यांच्या भांडणाचंही तसंच होतं. भाचा बाबांच्या जुन्या स्कूटरवर बोलतो, बाबा भाच्याच्या फोनवर बोलतात, दोघंही एकमेकांच्या कपाटात डोकावून हिशोब मागतात, आणि तोवर ज्याच्या मालकीची विहीर आहे तो तिसऱ्याच देशात तिच्यावर कर वाचवत बसलेला असतो. त्याचं नावही आमच्या घरात निघत नाही.

आणि वर्गाचा मुद्दा बाजूला ठेवून पर्यावरण वाचवायला गेलं की काय होतं याचं उदाहरण फ्रान्समध्ये २०१८ ला दिसलंच. मॅक्रॉन सरकारने त्या वर्षाच्या सुरुवातीला श्रीमंतांवरचा जुना संपत्ती कर काढून टाकला, त्याच्या जागी फक्त स्थावर मालमत्तेवरचा कर ठेवला, म्हणजे शेअर्सवाले सुटले. आणि त्याच सुमारास डिझेल-पेट्रोलवरचा कर हवामानाच्या नावाने वाढवत नेला. शहरातल्या माणसाला मेट्रो आहे, गावातल्या नर्सला, सुताराला, गाडी घेतल्याशिवाय कामावर जाता येत नाही. १७ नोव्हेंबर २०१८ ला लोक पिवळी जॅकेटं घालून चौकाचौकात उतरले. शेवटी डिसेंबरमध्ये सरकारला ती इंधन करवाढ मागे घ्यावी लागली. त्या आंदोलनात एक घोषणा फिरत होती, जगाचा शेवट आणि महिन्याचा शेवट, लढाई एकच. मला वाटतं या विषयावर जाडजाड रिपोर्ट वाचण्यापेक्षा ही एक ओळ जास्त कामाची आहे. ज्याला पगार विसाव्या तारखेला संपण्याची चिंता आहे त्याला २१०० सालाची चिंता करायला लावताय, आणि ज्याला दोन्हीची चिंता नाही त्याला करसवलत देताय, मग तो चिडणार नाही तर काय आरती ओवाळणार?

तरीही मी असं म्हणणार नाही की पिढीचा काही संबंधच नाही. संबंध आहे, आणि तो कुठे आहे ते नीट बघायला हवं कारण तिथे बाबांची सुटका नाही, आणि माझीही नाही.

अर्थशास्त्रात एक प्रकार असतो, डिस्काउंट रेट. भविष्यातलं नुकसान आजच्या हिशोबात किती धरायचं याचा दर. ऐकायला अगदी कंटाळवाणा, पण सगळा खेळ त्यात आहे. समजा आजपासून शंभर वर्षांनी एक लाखाचं नुकसान होणार आहे. दर वर्षाला १.४ टक्के धरला तर ते टाळायला आज जवळजवळ २५ हजार खर्च करणं परवडतं. दर ५ टक्के धरला तर? ७६०. म्हणजे एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा टाकला की आपल्या पणतूचं एक लाखाचं नुकसान साडेसातशेवर येतं आणि सरकार म्हणतं मग एवढा खर्च कशाला. २००६ मध्ये ब्रिटनच्या निकोलस स्टर्न यांनी त्या १.४ च्या आसपासचा दर धरून सांगितलं की आत्ताच जोरात पावलं उचला, आणि अमेरिकेचे विल्यम नॉर्डहाउस, ज्यांना पुढे २०१८ चं नोबेल मिळालं, त्यांनी बाजारातल्या व्याजाशी जुळणारा बराच वरचा दर धरून सांगितलं की हळूहळू चाला. दोघंही हुशार, गणित दोघांचंही बरोबर. ज्याचं नुकसान होणार त्याला मात्र कुणी विचारलं नाही कारण तो जन्मलेलाच नाही.

यावर सगळ्यात खरं बोलून गेला तो फ्रँक रॅम्से, केंब्रिजचा गणिती. १९२८ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, त्याने सरळ लिहिलं की नंतर मिळणाऱ्या सुखाला आधीच्या सुखापेक्षा कमी लेखणं नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही, आणि आपण तसं करतो ते निव्वळ कल्पनाशक्ती तोकडी पडते म्हणून. पुढे दोन वर्षांच्या आतच तो गेला, २६ वर्षांचा होता.

वरचा दर धरणाऱ्यांचा एक युक्तिवाद असतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही, की पुढची पिढी आपल्यापेक्षा श्रीमंत असेल, मग आजच्या गरिबाने उद्याच्या श्रीमंतासाठी पोटाला चिमटा का काढावा. ऐकायला समाजवादी वाटतं. पण पुढची पिढी म्हणजे कोण? सरासरी. परत तीच सरासरी. त्या सरासरीत तो तेलविहीरवाला नातू पण आहे आणि बुडणाऱ्या किनाऱ्यावरची पोर पण आहे, आणि पोरीचा बचाव करायची गरज नाही कारण नातू श्रीमंत आहे, असं ते गणित झालं. म्हणजे पिढीचा प्रश्न म्हणून सोडवायला घेतला तरी फिरून वर्गाच्याच दारात येऊन उभा राहतो.

मताचंही तसंच. ज्याला परिणाम भोगायचे त्याला मत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडच्या संसदेत क्लोई स्वारब्रिक ही तेव्हा २५ वर्षांची खासदार हवामान कायद्यावर बोलताना म्हणाली की २०५० मध्ये मी ५६ वर्षांची असेन, आणि आज या संसदेचं सरासरी वय ४९ आहे. मध्येच कुणीतरी काहीतरी टोमणा मारला तर न थांबता "ओके बूमर" म्हणून पुढे बोलत राहिली. जगभर फिरलं ते, भाच्याच्या मोबाईलवर पण होतं. त्या टाळ्यांच्या नादात तिचं ते आधीचं वयाचं गणित कुणाच्या लक्षात राहिलं नाही, जे खरं वजनदार होतं. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मात्र २०२१ मध्ये हेच गणित कायद्याच्या भाषेत मांडलं, की सरकार जर २०३० पर्यंत आरामात चालणार असेल तर त्यानंतरच्या लोकांना एवढी अचानक आणि कडक काटकसर करावी लागेल की त्यांच्या स्वातंत्र्यावरच घाला येईल, तेव्हा कायदा दुरुस्त करा. सरकारने केला, कार्बन शून्यावर आणायचं साल २०५० वरून २०४५ वर आणलं.

आणि आता मला सगळ्यात आवडलेला किस्सा, जो मी मुद्दाम दोघांनाही सांगितला. ९ एप्रिल २०२४, युरोपियन मानवी हक्क न्यायालय, स्ट्रासबर्ग. एकाच दिवशी हवामानाच्या तीन खटल्यांचे निकाल लागले. एक होता पोर्तुगालच्या सहा तरुणांचा, त्यांनी तीसहून जास्त देशांना कोर्टात खेचलं होतं. दुसरा स्वित्झर्लंडच्या म्हाताऱ्या बायकांच्या संघटनेचा, दोन हजारांवर सभासद, सरासरी वय सत्तरीच्या पुढे. त्यांचं म्हणणं, उष्णतेच्या लाटा आमच्या वयाच्या बायकांना सगळ्यात आधी मारतात आणि सरकार हातावर हात ठेवून बसलंय. तरुणांचा खटला कोर्टाने दाखलच करून घेतला नाही, म्हणाले आधी स्वतःच्या देशातल्या कोर्टात जायला हवं होतं. (तिसरा एका फ्रेंच माजी महापौराचा होता, तोही टिकला नाही.) जिंकल्या त्या म्हाताऱ्या! सतरापैकी सोळा न्यायाधीश त्यांच्या बाजूने. आणि त्या निकालाचा फायदा कुणाला, तर पुढे कोर्टात जाणाऱ्या प्रत्येक तरुणाला, कारण आता पायाखाली दाखला आहे. दोन महिन्यांत स्विस संसदेने ठराव केला की आपण पुरेसं केलेलं आहे, कोर्टाने जास्त शहाणपणा करू नये. त्या संसदेतही सगळ्या वयाचे लोक बसतात.

भाचा म्हणाला ग्रेट आहेत आज्या. बाबा म्हणाले वकील चांगला असणार.

तर मग करायचं काय, असं बहिणीने विचारलं, ती असल्या चर्चेत स्वयंपाकघरातून एकच प्रश्न टाकते आणि तो नेहमी अवघड असतो. माझं उत्तर आहे वारसा कर, चांगला सणसणीत, वरच्या थरावर. उगाच हवेत बोलतेय असं समजू नका, बऱ्याच देशांत होता आणि एकेकाने काढून टाकला, ऑस्ट्रियात २००८ मध्ये गेला, नॉर्वेत २०१४ मध्ये, आणि स्वीडन, ज्याला आपण समतेचा देश म्हणून मिरवतो, त्याने तर २००४ मध्येच निकालात काढला. तेलविहीर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना मध्ये दारात कुणीतरी उभं असलं पाहिजे, आणि जो वाटा काढून घेतला जाईल तो महिन्याचा शेवट न गाठू शकणाऱ्यांच्या बसच्या तिकिटासाठी, भिंतींना उष्णतेपासून वाचवण्यासाठी, म्हाताऱ्यांच्या खोल्यांसाठी वापरावा. वयाचा काही संबंध नाही, तेविसाचा वारसदार असो की त्र्याहत्तरचा.

भाचा म्हणाला एकदम करेक्ट. मग मी म्हटलं हे राहतं घर उद्या बाबांच्या मागे तुझ्या आईकडे आणि माझ्याकडे येणार आणि मग तुझ्याकडे, त्यावर पण लावू या का? तर म्हणाला मावशी, हे घर म्हणजे काय संपत्ती आहे का, राहायची जागा आहे ती. बाबा लगेच म्हणाले तेच तर मी सांगतोय. पहिल्यांदाच दोघं एका बाजूला आणि मी दुसऱ्या.

आता वाद कर किती रकमेच्या वर लावायचा या आकड्यावर अडलाय. भाचा जो आकडा सांगतो त्यात आमचं घर सुटतं, बाबा जो सांगतात त्यात आमचं घर, शेजाऱ्यांचं घर आणि गल्लीतल्या बिल्डरचं घर पण सुटतं, आणि बहीण म्हणते की आधी पोराला नोकरी लागू दे, मग कर बसवा.